साठ हिऱ्यांचा हिशेब

गेल्या महिन्यात या सदरात मुलांच्या जुन्या वह्यांत उरलेल्या कोऱ्या पानांविषयी लिहिले होते. त्यावर देवास, ग्वाल्हेर आणि बडोदे येथील वाचकांची पत्रे आली. त्या सर्वांचा मी ऋणी आहे. या वेळी शाळेच्या वाचनालयाविषयी लिहावे असे मनात योजून मी टाचणेही काढून ठेवली होती. परंतु गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ सालच्या दिवाळीत, घडलेला एक प्रसंग मनातून जाईना. तो लिहून टाकल्यावाचून दुसऱ्या विषयाला हात घालणे अवघड आहे, अशी माझी खात्री झाली. वाचनालयाने माझी तीस वर्षे वाट पाहिली आहे, ते आणखी एक महिना पाहील.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, आमच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. इंदुरातल्या ज्या वस्तीत माझी शाळा आहे, तेथेच त्या राहतात. चार मराठी घरी पोळ्या करतात आणि दिवाळीत फराळाची कामे घेतात. त्यांची थोरली मुलगी माझ्या शाळेतूनच बाहेर पडली आणि धाकटा मुलगा सध्या दहावीत आहे. दोघांचीही नावे येथे लिहीत नाही. बाईंच्या हातात बँकेचे पासबुक होते, त्याच दिवशी छापून आणलेले. त्या म्हणाल्या, “सर, दुकानात तेलाचे पैसे द्यायला फोन दाखवला, तर म्हणे खात्यात रक्कम नाही. बँकवाले म्हणतात, तुमच्याच फोनवरून गेले. मी तर एक पैसा कोणाला दिला नाही. हे जरा वाचून सांगता का?”

मी वाचले. वसुबारसेला ८९ रुपये. धनत्रयोदशीला ८९ दोनदा. दुसऱ्या दिवशी ८९ आणि ४४९. मग ४४९ दोनदा, मग ८९९ दोनदा. पाडव्याला ८९९ दोनदा आणि १७९९ एकदा. भाऊबीजेच्या दिवशी १७९९ दोनदा आणि ८९९ एकदा. सात दिवसांत पंधरा नोंदी झाल्या होत्या आणि त्यांची बेरीज होती ११,५९५ रुपये. मी बेरीज दोन वेळा केली, कारण पहिल्या वेळी माझाच विश्वास बसला नाही. फराळाच्या कामाचे पैसे लोकांनी बाईंच्या खात्यात परभारे जमा केले होते. ते थोरल्या मुलीच्या परिचारिका अभ्यासक्रमाच्या शुल्कासाठी राखलेले होते. आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लोकांच्या चकल्या तळत होती, आणि त्याच रात्री, त्याच घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात, ते पैसे जात होते.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. तो मोबाइल त्या घरात मीच आणवला. २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्ही शिक्षक घरोघर फिरून सांगत होतो की, धडे आता मोबाइलवर येतील, जमेल तसा एक घ्या. बाईंना एकरकमी घेणे शक्य नव्हते. दुकानदार माझा जुना विद्यार्थी, म्हणून मी शब्द टाकला आणि सहा हप्त्यांत तो यांना मिळाला. त्या वेळी या कामाचे मला फार समाधान वाटले होते.

मुलाला बोलावून घेतले. तो आला आणि खाली मान घालून उभा राहिला. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्यापुढे चिवड्याची बशी ठेवली, तिला त्याने हात लावला नाही. मी रागावलो नाही. आयुष्यभर रागावून झाल्यावर एवढे उमगले आहे की, रागावलेल्या माणसाला मुले हिशेब देत नाहीत, क्षमा मागून मोकळी होतात. मला हिशेब हवा होता. म्हणून मी कागद-पेन्सिल घेतली आणि म्हटले, “मला यातले काही कळत नाही. तू शिकव.”

त्याने शिकवले, आणि चांगले शिकवले. तो खेळ लढाईचा आहे आणि खेळायला एक पैसाही लागत नाही. परंतु सणावाराला त्यात एक ‘ईव्हेंट’ येतो, म्हणजे ठरावीक मुदतीची स्पर्धा. दिवाळीचा ईव्हेंट सात दिवसांचा होता. मुदत संपताना गुणांच्या यादीत पहिल्या शंभरांत जो असेल, त्याला सोनेरी तलवार आणि नावाभोवती सोनेरी चौकट मिळणार होती. नुसते खेळूनही गुण मिळत, पण दिवसाला ठरावीक खेळ्या झाल्या की ‘ताकद’ संपे आणि ती भरून येण्यास काही तास लागत. ज्याला थांबायचे नसेल त्याने चक्र फिरवावे. एका फेरीला पन्नास हिरे पडत. हिरे पैशांनी विकत मिळत आणि सर्वांत लहान पुडी ८९ रुपयांना साठ हिऱ्यांची होती.

साठ हिऱ्यांची पुडी आणि पन्नास हिऱ्यांची फेरी, येथे मी थांबलो. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी संसार केला आहे त्यांच्या हे तत्काळ ध्यानात येईल. पन्नासांची पुडी करणे त्यांना अवघड होते काय? मुळीच नव्हते. परंतु मग मुलगा एक फेरी फिरवून रिकाम्या हाताने उठला असता. आता त्याच्यापाशी दहा हिरे उरतात. ते ना मोडता येत, ना कोणाला देता येत, आणि टाकवतही नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी पुडी येते आणि मग वीस उरतात. शिवाय एकदा रुपयाचा हिरा झाला की रुपया दिसेनासा होतो. खर्च ‘पन्नास हिरे’ होतो, ८९ रुपये होत नाही. मुलाने पंधरा खरेद्यांत एकंदर ९,२३० हिरे घेतले होते. त्यांत १८४ फेऱ्या झाल्या आणि अखेरीस तीस हिरे उरले, ते अद्याप तसेच पडून आहेत. ११,५९५ भागिले १८४ केले, तेव्हा एका फेरीची किंमत त्रेसष्ट रुपये निघाली. ही किंमत खेळात कोठेही लिहिलेली नव्हती. ती मी पेन्सिलीने काढली, तेव्हा मुलाने प्रथमच मान वर करून कागदाकडे पाहिले. बाईंना एका घरच्या पोळ्यांचे महिन्याला अठराशे रुपये मिळतात, म्हणजे दिवसाचे साठ. हा दुसरा भागाकार मी मोठ्याने केला नाही. पण तो हुशार आहे, त्याने तो मनात केला असावा.

गुणांशिवाय त्या चक्रात एक खास पोशाखही होता. तो लागण्याची शक्यता एक टक्का, असे बारीक अक्षरांत लिहिलेले त्याने मला दाखवले. लपवलेले काहीच नव्हते. “शंभर फेऱ्यांत एकदा लागायलाच पाहिजे ना सर?” असे त्याने विचारले. माझा विषय मराठी. म्हणून आमच्या गणिताच्या शिक्षकांना दूरध्वनी केला. त्यांनी जे सांगितले ते माझ्यासारख्या अनेक वाचकांनाही नवे वाटेल. प्रत्येक फेरीला एक टक्का शक्यता असेल, तर शंभर फेऱ्यांनंतरही शंभरांतल्या सुमारे सदतीस जणांच्या हाती काही लागत नाही. दोनशे फेऱ्यांनंतर तेरा जण कोरे राहतात, तीनशेनंतरही पाच. चक्राला मागील फेऱ्यांची आठवण नसते. आपल्याला मात्र असते आणि तीच आपल्याला बसवून ठेवते. १८४ फेऱ्यांनंतर शंभरांत सोळा जण रिकाम्या हाताने उठतात. आमचा मुलगा त्या सोळांतला निघाला. तसा तो नशिबाने गांजलेला नव्हे. सोळा म्हणजे काही थोडे नव्हेत.

काही खेळांत याला मर्यादा असते, हेही सांगितले पाहिजे. २०२० सालच्या सप्टेंबरात निघालेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या चिनी खेळात सर्वोच्च प्रतीचे बक्षीस मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्का आहे, पण नव्वदाव्या खेपेला ते हमखास मिळते. मात्र ते आपल्याला हवे होते तेच असेल, याची तेथेही पहिल्या वेळी हमी नाही. जपानात खेळण्यांच्या डब्या देणारी, मूठ फिरवायची यंत्रे असतात. त्यांच्या आवाजावरून या प्रकाराला तेथे ‘गाचा’ म्हणतात. निरनिराळ्या डब्यांतून वस्तूंचा संच पुरा केल्यासच मोठे बक्षीस, असा त्याचा एक विशेष प्रकार तेथील ग्राहक व्यवहार खात्याने २०१२ च्या मे महिन्यात बेकायदा ठरवला. चीनने २०१७ पासून अशा शक्यता जाहीर करण्याची सक्ती केली. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पैसे घेऊन उघडायच्या पेट्यांना जुगारच म्हटले. आपल्याकडे २०२१ च्या जुलैत ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास खेळ आणि सात हजार रुपये खर्च, अशी मर्यादा त्याने घातली होती. आमच्या मुलाचा खेळ हा नव्हे. तरी ती सात हजारांची मर्यादा ज्याने आखली, त्याने कोणते घर डोळ्यांपुढे ठेवले असेल, याचे मला कुतूहल आहे. चार घरच्या पोळ्या करून बाईंना महिन्याला साधारण तेवढेच मिळतात.

परंतु चक्र, हिरे, पोशाख हे सारे मी बाजूला ठेवतो. मुलगा पोशाखासाठी खेळत नव्हता. मग तो एवढा वाहत का गेला, हे समजण्यास मला पुढचे काही दिवस लागले आणि त्यासाठी एक पेरू खर्ची पडला.

सुटी संपून शाळा भरल्यावर दहावीच्या वर्गातील बारा मुलांना मी पुढे बोलावले. प्रत्येकाला तीस-तीस चिंचोके मोजून दिले आणि टेबलावर एक पेरू ठेवला. नियम सांगितला की, लिलाव होईल, सर्वांत मोठी बोली ज्याची त्याला पेरू मिळेल, पण प्रत्येकाने आपली शेवटची बोली डब्यात टाकायची. जिंको वा हरो, टाकलेले परत नाही. (ही कल्पना सर्वस्वी माझी नव्हे. मार्टिन शुबिक नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एका डॉलरच्या लिलावाचा असाच खेळ मांडला होता. त्यात पहिल्या दोघांनी पैसे भरायचे असतात. मी सर्वांनाच भरायला लावले.) प्रारंभी हशा पिकला. एक चिंचोका, दोन, पाच. दहाच्या पुढे हसणे थांबले. पंधरावर थांबलेला मुलगा पुनः उठला, कारण थांबला तर पंधरा फुकट जाणार होते आणि तीन वाढवले तर कदाचित पेरू मिळणार होता. अखेरीस एकीने तीस बोलून पेरू घेतला, तिच्या खालच्याचे एकोणतीस गेले. डब्यातील चिंचोके मोजले, ते दोनशे चौदा भरले. एका पेरूचे दोनशे चौदा, आणि पेरू एकीलाच!

आमचा मुलगा बाकावरच बसून होता. मी त्याला पुढे बोलावले नव्हते. मधल्या सुटीत तो आपण होऊन कार्यालयात आला आणि म्हणाला, “सर, तुमच्या खेळात दोन गोष्टी नाहीत. तुमच्या खेळात चिंचोके संपतात. त्यात डबा पुन्हा भरता येतो. आणि दुसऱ्याजवळ किती उरलेत ते त्यात दिसत नाही.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एखाद्या पाठाची इतकी नेमकी समीक्षा कोणी केल्याचे मला स्मरत नाही.

ही स्पर्धा महाग का पडते, याचे उत्तर त्या दोन वाक्यांत आहे. क्रिकेटच्या सामन्याला प्रवेश शुल्क असते, ते भरले की किंमत संपली. पुढे धावा करायच्या. येथे प्रवेश फुकट आहे आणि किंमत कोठेही लिहिलेली नाही, कारण ती विक्रेत्याने ठरवलेलीच नसते. पहिल्या शंभरांत बसण्याची किंमत एकशे एकावा मनुष्य ठरवतो आणि त्याची किंमत पहिले शंभर ठरवतात. सगळे एकमेकांच्या भीतीने बोली चढवतात आणि हरलेल्यांच्या बोल्याही डब्यातच जमा होतात. भाऊबीजेच्या रात्री बाराला मुदत संपायची होती. पावणेबाराला आमचा मुलगा सत्त्याण्णवावा होता. त्याने मोबाइल खाली ठेवला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पाच मिनिटांनी पाहिले तर तो एकशे नववा झाला होता. ज्यांनी हिरे शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवले होते, त्यांनी ते तेव्हा काढले. मग ८९९ ची शेवटची पुडी आली. मुदत संपली तेव्हा त्याचा क्रमांक एकशे अठरा होता.

तलवारीचा मोह हे एक कारण, पण तेवढेच नव्हे. तो ज्या तीस जणांच्या ‘गिल्ड’मध्ये, म्हणजे टोळीत, खेळे, तिचा म्होरक्या कोठल्या तरी दुसऱ्या शहरातला. त्याला याने कधी पाहिलेले नाही. दर ईव्हेंटला प्रत्येकाने अमुक गुण आणले पाहिजेत, नाही आणले तर टोळीतून नाव कमी, असा त्याचा शिरस्ता. दोन वर्षे हा मुलगा त्या टोळीत होता. तेथे त्याला मान होता, नव्या मुलांना तो शिकवत असे. आमच्या वर्गात सेहेचाळीस मुले आहेत आणि हा एकेचाळिसावा आहे. शाळेच्या दर्शनी फलकावर आम्ही पहिल्या तिघांचीच नावे रंगीत खडूने लिहितो. तो फलक गेली अकरा वर्षे मीच लिहितो, माझे अक्षर बरे आहे म्हणून.

याआधीही त्याने पैसे भरून खेळ केले होते, हे त्या संध्याकाळी कळले. व्हॉट्सॲपच्या एका गटावर वीस रुपये भरून एका खेळाची ‘खोली’ मिळे. अठ्ठेचाळीस मुले, म्हणजे जमा ९६० रुपये. त्यांतले पहिल्याला तीनशे, दुसऱ्याला दीडशे, तिसऱ्याला साठ. बाकीचे साडेचारशे, संयोजकाच्या ‘मेहनतीचे’. एकदा याला साठ मिळाले होते आणि त्या साठांनी पुढची सारी वाट दाखवली. पुढे तो संयोजक एके दिवशी सगळ्यांचे पैसे घेऊन गट बंद करून नाहीसा झाला.

कायद्याने काय केले, असे वाचक विचारतील. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी एक कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे मिळवण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरवले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मान्यताप्राप्त ई-क्रीडास्पर्धांना प्रवेश शुल्क आणि बक्षीस यांची मुभा आहे. व्हॉट्सॲपवरची वीस रुपयांची खोली म्हणजे काही मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धा नव्हे, हे उघड आहे. परंतु दिवाळीचा ईव्हेंट? त्यात पैसे जातात, पैसे परत येण्याची आशाच नसते. मिळालीच तर तलवार मिळते, तीही पडद्यावरची. जिथे पैसे मिळण्याची आशाही नाही, तो व्यवहार जुगाराच्या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. माझ्यासारख्या मास्तराला याचा अर्थ एवढाच लागतो की, जिंकण्याची शक्यता अजिबात नसली की खेळ निर्दोष ठरतो.

हे लिहिताना आमच्या ओसरीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेले. ते माझ्या आजोबांनी जिंकलेले आहे. मध्य भारत राज्याच्या काळात ते येथे एका कचेरीत कारकून होते आणि त्यांना शब्दकोड्यांच्या स्पर्धांचा नाद होता. त्या वेळी नियतकालिकांतून मोठमोठ्या बक्षिसांची कोडी येत. एका कुपनाला चार आणे असे शुल्क पडे. कोड्यात एकाच जागी दोन शब्द सारखेच चपखल बसत. त्यांतला कोणता ‘बरोबर’, हे संयोजकाने आधीच पाकिटात बंद करून ठेवलेले असे. म्हणून हुशार माणूस दोन्ही शब्दांची दोन कुपने भरी. अशा पाच जागा असल्या की बत्तीस कुपने होत. आजोबा हुशार होते. १९५५ मध्ये संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला आणि महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे वाटणाऱ्या स्पर्धांना बंदी घातली. ज्या राज्यांच्या ठरावांवरून तो झाला त्यांत आपला मध्य भारतही होता. स्पर्धावाले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ मध्ये हरले. जुगार हा व्यापार नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. तोवर आजीच्या दोन बांगड्या गेल्या होत्या आणि हे घड्याळ आले होते. कोणी पाहुण्याने त्याची वाखाणणी केली की आजी म्हणे, “अहो, दोनशे रुपयांचं आहे ते.” बाजारात ते तीस रुपयांना मिळे. आजोबा अशा वेळी उठून मागीलदारी जात. लहानपणी आम्हाला त्यातले काही कळत नसे, आम्ही घड्याळाच्या मोठेपणावर खूश असू.

आजोबांना कोणी वाईट म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणून या मुलालाही मी वाईट म्हणत नाही. मात्र आजोबांच्या कुपनाला टपालाला टाकण्याचा वेळ लागे, चार आणे हातातून जाताना दिसत, आणि महिन्यातून एकदाच अंक येई.

व्यवहाराचे थोडे सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. त्याच संध्याकाळी आम्ही खरेदी रद्द करण्याचे अर्ज भरले. अशा अर्जाला साधारण अठ्ठेचाळीस तासांची मुदत धरावी. त्यामुळे शेवटच्या काही नोंदींसाठीच आशा होती. त्यांतल्या दोन रकमा परत आल्या, १७९९ आणि ८९९. बाकी ८,८९७ रुपये गेले ते गेले. ज्यांच्या घरी मुले आईचा वा आजीचा मोबाइल वापरतात, त्यांनी प्रत्येक खरेदीला परवलीचा शब्द मागितला जाईल अशी सोय करून घ्यावी. मुलांच्या हाती असलेल्या मोबाइलला जोडलेले खाते वेगळे ठेवावे आणि त्यात दोन-तीनशेहून अधिक ठेवू नये. बँकेचे निरोप दुसऱ्या कोणाच्या क्रमांकावर येतील असे पाहावे. आमच्या प्रकरणात ते निरोप त्याच मोबाइलवर येत होते आणि मुलगा ते पुसून टाकत होता. गुप्त आकडा त्याला ठाऊक होता, कारण तो आईला त्यानेच बसवून दिला होता. आईला इंग्रजी वाचता येत नाही, घरातले सारे व्यवहार तोच करून देई. वीज देयक, गॅसची नोंदणी, बहिणीचा प्रवेश अर्ज, सगळे. या गोष्टीचे घरात कौतुक होते आणि ते रास्त होते.

शुल्काचे पुढे जमले. त्यांतले चार हजार एका मराठी घरच्या बाईंनी, ज्यांच्याकडे या पोळ्या करतात, आगाऊ दिले. उरलेल्याचे कसे झाले हे लिहिण्याचे कारण नाही. मुलगा रविवारी सकाळी एका किराणा दुकानात पुड्या बांधतो आणि आईला पैसे देतो. टोळीतून त्याचे नाव कमी झाले. हे त्याने मला सांगितले, तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. मी काही बोललो नाही. दोन वर्षांचे मित्र गेले, मग ते पडद्यावरचे का असेनात.

त्या रात्री जाताना बाईंनी विचारले होते, “सर, आता फोन काढूनच घेऊ ना त्याचा?” मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही. दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका आम्ही त्याच मोबाइलवर पाठवतो, त्या छापून वाटण्याइतका कागद शाळेत नाही. काल संध्याकाळी सात वाजता गणिताची एक प्रश्नपत्रिका मीच वर्गाच्या गटावर टाकली. त्याने ती सात वाजून चार मिनिटांनी पाहिली, हे मला दिसले. उत्तरांची छायाचित्रे साडेनवापर्यंत यायची असतात. त्याची दहाला आली, आठांपैकी पाच प्रश्न सोडवलेले. तोवर मी तीन वेळा मोबाइल उघडून पाहिला होता.